बीडीएस आणि बयाणा: भातशेतीच्या हवामान-वित्ताचं एक प्रकरण

हे प्रकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत चाललं. आमचं तिघांचं सल्लागार कार्यालय ठाण्यात, नौपाड्यात आहे. काम दिलं राज्य सरकारच्या एका विभागाने: बदलत्या हवामानात टिकेल अशा भातशेतीसाठी ठाणे जिल्ह्यात निधी कुठून आणायचा ते सांगायचं. विभाग, बँक, गावं आणि माणसं यांची नावं गाळली आहेत. ओळख पटेल असे बारीक तपशीलही थोडे हलवले आहेत. तारखांना मात्र हात लावलेला नाही, कारण सगळं घोडं तारखांपाशीच अडलं.

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यात भात पिकतो हे खुद्द ठाणेकरांनाही कधीकधी सांगावं लागतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि भाताचा मोठा पट्टा तिकडे गेला. उरला तो मुख्यतः मुरबाड आणि शहापूर, शिवाय भिवंडी, कल्याण, अंबरनाथचा गावठाणांपलीकडचा भाग. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यातले.

शेती पावसावरची. खाचरात भात, वरकस उतारावर नागली आणि वरी. खातं एकर-दीड एकराचं, पण सातबाऱ्यावर नावं दहा-पंधरा. त्यातली दोन-तीन माणसं हयात नाहीत, एक बहीण कल्याणला आणि एक चुलता कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. घरातला तरुण मुलगा भिवंडीच्या गोदामांत कामाला. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तरुण हात गोदामांत अडकलेले, त्यामुळे जुलैत, जेव्हा चार दिवसांत आवण उपटून लावणी उरकायची असते, तेव्हा नेमकं माणूस मिळत नाही.

इथल्या भाताची सुरुवात राबाने होते. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या डहाळ्या, गवत आणि वर मातीचा थर रचून जाळायचा. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. हवामानवाल्यांना या धुराची आता काळजी वाटते, पण वाद जुना आहे. राबासाठी झाडं छाटण्यावरून इंग्रज वनखातं आणि ठाण्या-कुलाब्याचे शेतकरी यांच्यात इतकं वाजलं होतं, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राब बंद करा असं शेतकऱ्याला सांगणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

पाऊस तर डोळ्यांदेखत बदललेला. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीला क्यार वादळाच्या दिवसांत कापून ठेवलेल्या भाताला शेतातच मोड आले, ते लोक अजून बोलून दाखवतात. आमच्या कामाच्या पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, मोसमी पाऊस मुंबईत पोचला २५ जूनला, आणि पुढचा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला.

आम्हाला काय विचारलं होतं

पहिली बैठक बेलापूरला झाली. पडद्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये मांडलेली हवामान-अनुकूल शेतीची तीन उद्दिष्टं होती: उत्पादन वाढावं, बदलत्या हवामानाला तोंड देता यावं, आणि जमेल तिथे उत्सर्जन कमी व्हावं. विदर्भ-मराठवाड्यात जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प चालू होता. कोकण त्यात नव्हतं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: ‘आपल्या भातासाठी असं काही उभं करायचं तर निधी कुठून आणायचा, एवढं सांगा.’

कामाच्या अटींत तंत्रही ठरवून दिलं होतं. खाचर आलटून-पालटून भिजवायचं आणि सुकवायचं, म्हणजे साचलेल्या पाण्यात तयार होणारा मिथेन कमी होतो. कालव्याच्या भातात हे चालतं. इथे जुलैत वरच्या खाचराचं पाणी बांध फोडून खालच्यात आणि खालच्याचं ओहोळात जातं. सुकवायचं म्हणजे आभाळाला झाकण लावायचं. हे आम्ही दुसऱ्याच बैठकीत सांगायला हवं होतं. सांगितलं चौथ्या बैठकीत, कारण छापील अटींना हात लावायचा म्हटला की सल्लागाराचं पहिलं बिल लांबतं. ही कबुली इथे असलेली बरी.

पर्यायी तंत्र जवळच होतं. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या भात तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे आणि पुढची वर्षं नांगर घालायचा नाही. लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. पाणी साचून राहत नाही म्हणून मिथेनही कमी. गादीवाफ्यात ओल टिकली तर पुढे वाल किंवा हरभरा होतो. यातली खरी डोकेदुखी तण. चिखल आणि साचलेलं पाणी तण दाबून ठेवतं. ते काढून घेतलं की तणनाशकावर किंवा खुरपणीवर भार येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला होता. म्हणजे सरकारी योजनेत ते नाव लिहिता येत नाही, आणि गावात तर दुकानदार तेच पुढे करतो. आम्ही खुरपणीचा खर्च धरला. कागदावर योजना त्यामुळे महाग दिसली, पण खोटी नव्हती.

समोरचे पर्याय

सहा वाटा तपासल्या. त्यांतल्या काहींवर दोन दिवस पुरले, काहींवर दोन महिने गेले.

नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचा ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी १९९५-९६ पासून राज्यांना स्वस्त कर्ज देतो. बंधारे, गोदामं, रस्ते यांसाठी उत्तम. पण वाफे करायला ट्रॅक्टरच्या भाड्याचे रोख पैसे त्यातून शेतकऱ्याच्या हाती पडत नाहीत.

हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीसाठी नाबार्डला २०१५ मध्ये मान्यता मिळालेली आहे. सादरीकरणात हा पर्याय सर्वांत देखणा दिसतो. प्रस्तावापासून पहिल्या हप्त्यापर्यंत वर्षं जातात, आणि दोन तालुक्यांचा भात त्या मापात फारच लहान. एका पानात मिटवला.

कार्बन क्रेडिटवर, म्हणजे वाचवलेलं उत्सर्जन टनावर उद्योगांना विकण्यावर, मात्र विभागाचा जीव होता. ‘उद्योगच पैसे देतील’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत एकदा तरी ऐकू येई. म्हणून हिशेब उघड्यावर मांडला. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०१९ च्या सुधारित गुणकांप्रमाणे दक्षिण आशियात सतत पाणी असलेल्या भातातून हेक्टरी दिवसाला ०.८५ किलो मिथेन धरतात. पावसावरच्या भाताला त्याला ०.५४ ने गुणायचं. ११० दिवसांचे झाले साधारण ५० किलो. मिथेनची तीव्रता कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरली तर १.४ टन. नव्या पद्धतीने त्यातलं निम्मं वाचलं असं उदारपणे मानलं, तर हेक्टरी ०.७ टन. टनाला १० डॉलर भाव धरा. वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याला वर्षाला सव्वाशे रुपयेसुद्धा नाहीत, आणि त्यातून मोजणी, पडताळणी, दलाली वजा व्हायची. शिवाय भाताच्या मिथेनसाठी वापरात असलेली जुनी पद्धती व्हेरा या नोंदणी संस्थेने मार्च २०२३ मध्येच बाजूला काढली होती; नवी आली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात बोलणार कशाच्या जोरावर? हा आकडा दाखवल्यावर बैठकीत कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या इतिवृत्तात ‘कार्बन क्रेडिटची शक्यता तपासावी’ हे वाक्य पुन्हा आलं. ते बहुधा साच्यातच आहे.

पीक कर्जात गंमत अशी की पैसा महाग नाही. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर महाराष्ट्रात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. तेव्हा एक लाख साठ हजारांपर्यंत तारणही लागत नव्हतं. जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा दोन लाख झाली. आम्ही हे बँकेच्या अधिकाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तारण मागतंय कोण? कर्ज कोणाच्या नावाने लिहू ते सांगा. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, सह्यांना चौघं आलेत. आणि याच्याकडे तर वनहक्काचा पट्टा आहे.’ वनहक्काची जमीन वारसांना मिळते, पण विकता किंवा गहाण टाकता येत नाही. कायद्याने कर्ज देता येतं, पण शाखेत बसलेल्या माणसाला ती फाइल नकोशी असते, आणि मला त्याचं फारसं चुकलं असं वाटत नाही. वर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते तो पीक कर्जाचा दर भाताला एकच; लावणीचा असो की टोकणणीचा.

अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतं. अर्ज, सोडत, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल चढवणं, तपासणी आणि शेवटी पैसे खात्यात. ज्याच्याकडे आधी पैसे आहेत त्याला नंतर पैसे, असा त्याचा अर्थ.

उरला पीक विमा. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात विमा सुरू केला, त्यामुळे तोच पुरेल असं विभागाला वाटलं. पण भाताची नुकसानभरपाई मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. मंडळात सगळीकडे बरा भात आला आणि एकट्याचा नव्या पद्धतीमुळे तणात गेला, तर त्याला विम्याचा काही उपयोग नाही. नवं करून पाहणाऱ्याची जोखीम ही नेमकी एकट्याची असते.

ओट्यावरचं बोलणं

सहा वाटांचा तक्ता घेऊन आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या दिवसांत, डोंगरालगतच्या एका पाड्यावर गेलो. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, अध्यक्ष ताईंनी बायका जमवल्या होत्या. मी अनुदानाचे टप्पे समजावून सांगत होते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक कातकरी आजी उठून पुढे आल्या, तक्त्यावरच्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ह्ये कवा?’ मी म्हटलं, साधारण दिवाळीनंतर. आजी बाकीच्यांकडे वळून हसल्या. ‘शेठ गनपतीत बयाणा घरी आनून देतो. तुमचं पैसं दिवालीनंतर. मग आमी कुनाकडं जावं?’

बयाणा म्हणजे वीटभट्टीच्या मालकाने आगाऊ दिलेली उचल. ऐन पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, कागद न मागता मिळते; फेडावी लागते भट्टीवर, पुढचे सहा महिने राबून. त्यातून माणसं कशी बांधली जातात हे ठाणे-रायगडच्या बाजूला कोणाला सांगायला नको. तरी वित्तपुरवठा म्हणून पाहिलं तर तो अचूक वेळेला येतो. आमच्या सहापैकी एकही वाट त्याच्या आसपास नव्हती. तक्त्यात व्याजदर, परतफेड, स्रोत असे रकाने होते; ‘कोणत्या महिन्यात’ हा रकाना नव्हता. परतताना गाडीत आम्ही तो पेनाने आखला आणि भरला. वाफे करायला पैसा हवा एप्रिल-मेमध्ये. खुरपणीला जुलैत. पीक फसलं तर डिसेंबरच्या आत, म्हणजे घरातलं माणूस भट्टीवर जायच्या आधी. विभागाचा पैसा मोकळा होतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि वर्षाचा हिशेबही तिथेच संपतो.

पहिला निर्णय: लहान रक्कम मागायची की मोठी

नोव्हेंबरमध्ये दिलेल्या अहवालात आम्ही दोनच गोष्टी सुचवल्या. पैसा उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या प्रभागसंघांकडे (अनेक ग्रामसंघांचा मिळून एक) हंगामाआधी ठेवावा आणि ग्रामसंघांनी तो वीस गुंठ्यांपर्यंतच्या प्लॉटला बिनव्याजी उचल म्हणून द्यावा, भात विकल्यावर परत घ्यावा. आणि पहिल्या वर्षी नव्या प्लॉटचं उत्पादन त्याच शेतकऱ्याच्या शेजारच्या लावणीच्या खाचरापेक्षा कमी आलं, तर जेवढे किलो कमी तेवढ्याची किंमत आधारभूत भावाने भरून द्यावी.

आकडे लहान होते. दोन प्रभाग, एक डोंगरालगतचा आणि एक रस्त्याकडचा, मिळून दोनशे कुटुंबं. वीस गुंठ्यांत चांगला भात पाच-सहा क्विंटल. सगळ्यांचंच अर्धं पीक गेलं असं धरलं तरी माणशी तीन क्विंटल, त्या वर्षीच्या २,१८३ रुपये भावाने साडेसहा हजार. दोनशे कुटुंबांचे तेरा लाख. उचलीचे माणशी पाच हजार, म्हणजे आणखी दहा.

साहेबांनी अहवाल पुढून-मागून चाळला. ‘तेवीस लाख? अहो, एवढ्यासाठी मी वर काय सांगू?’ त्यांचा रोख कळत होता. पंचवीस कोटींची योजना असेल तर जीआर निघतो, कक्ष उघडतो, वाहन मिळतं. तेवीस लाखांना कोणी वाली नसतो. त्यात जोखीम भरून देण्याला लेखाशीर्षच, म्हणजे खर्च दाखवायचा अर्थसंकल्पातला खाना, सापडेना. वित्त शाखेचा शेरा आला: झालेल्या खर्चाला तरतूद करता येते, होईल की नाही ते माहीत नसलेल्या खर्चाला कशी करायची? प्रश्न नियमाला धरून होता.

इथे दोन मार्ग होते. रक्कम फुगवून, त्यात यंत्रं, शेड, प्रशिक्षण केंद्र घालून मोठी योजना करायची. किंवा आहे त्या आकारात कुठे बसते ते पाहायचं. आमच्यातल्या एकाचं मत पहिल्या बाजूचं होतं, आणि त्याच्या म्हणण्यात दम होता: मोठ्या योजनेच्या आडोशाने लहान गोष्ट निभावून जाते. मी अडून बसले. शेवटी जिल्हा नियोजनातल्या नावीन्यपूर्ण योजनांच्या निधीत ती ‘प्रात्यक्षिक’ म्हणून बसली. आज विचाराल तर तो निर्णय बरोबर होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. रक्कम लहान ठेवल्याने ती लवकर मार्गी लागली, पण तिच्यामागे माणूस कोणी उभा राहिला नाही.

दुसरा निर्णय: १४ मार्च

प्रशासकीय मान्यता फेब्रुवारी २०२४ अखेर आली. बीडीएसवर, म्हणजे सरकारी निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, पैसे दिसले मार्चच्या पहिल्या आठवड्यात. लोकसभेची आचारसंहिता आज लागेल की उद्या, अशी हवा होती. मार्गदर्शक सूचनांचा मसुदा अजून विधी शाखेत होता. थांबावं, सूचना अंतिम होऊ द्याव्यात, असं विभागाचं एक मत. पैसे आताच प्रभागसंघांकडे वळते करावेत आणि सूचना मागाहून द्याव्यात, असं आमचं. आचारसंहितेत चालू कामं थांबत नाहीत, नवी सुरू करता येत नाहीत. पैसे आधी पोचले तर काम ‘चालू’ ठरेल.

विभाग तयार झाला. गुरुवारी, १४ मार्चला डोंगरालगतच्या प्रभागाचे पैसे गेले. रस्त्याकडच्या प्रभागाची फाइल मात्र परत आली. शेरा होता: ‘ठरावात नुकसानभरपाई असा उल्लेख आहे. खुलासा व्हावा.’ दोन्ही ठरावांचे मसुदे आमच्या कार्यालयातून गेले होते. वित्त शाखेच्या आक्षेपानंतर मी ‘नुकसानभरपाई’ काढून ‘प्रात्यक्षिक खर्चातील फरक’ असा शब्द घातला. एका मसुद्यात घातला, दुसऱ्यात राहिला. शनिवारी, १६ मार्चला निवडणुका जाहीर झाल्या. मुरबाड-शहापूरचा भाग भिवंडी मतदारसंघात येतो. तिथे मतदान २० मे रोजी. आचारसंहिता उठेपर्यंत जून उजाडला, आणि ९ जूनला पाऊस मुंबईत होता.

एका शब्दाने शंभर कुटुंबांचा हंगाम गेला. विभागाच्या बाबूगिरीबद्दल बोलायला सोपं असतं. ही चूक माझ्या संगणकावरची होती.

काय झालं

डोंगरालगतच्या प्रभागात एप्रिलमध्येच उचल वाटली गेली. ग्रामसंघाने यादी स्वतः केली आणि आमच्या निकषांना न जुमानता चार कुटुंबं वाढवली, सगळी वनहक्क पट्ट्याची. वाफे मेमध्ये झाले, पेरणी पहिल्या चांगल्या पावसावर. जुलैत पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि खुरपणीला उसंत मिळाली नाही. मी महिनाअखेरीस गेले तेव्हा एका वाफ्यात भात कुठला आणि तण कुठलं हे मला ओळखता आलं नाही. शेताची मालकीण खाली बसली, एक काडी बुडाशी चिमटीत धरून फिरवली आणि माझ्या हातात दिली: भाताच्या पानाच्या सांध्यात बारीक लव आणि जिभली असते, बरडाला नसते. तिने ते सात वर्षांच्या मुलीकडूनही करून घेतलं. बहुतेक प्लॉट ऑगस्टमध्ये सावरले.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तारखेने गाठलं. वजनं कृषी सहायकांनी घ्यायची होती. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सहायकांना निवडणुकीची कामं आली. पिकलेला भात २० नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत उभा राहत नाही. ग्रामसंघाच्या बायकांनी रेशन दुकानातला काटा उसना आणला, दोन्ही प्लॉटच्या राशी झोडून तोलल्या, वहीत दोघींच्या सह्या आणि मोबाइलवर फोटो. सुमारे पाव प्लॉटमध्ये उतारा लावणीपेक्षा कमी भरला, निम्म्यांत तेवढाच, उरलेल्यांत थोडा जास्त. सगळ्यांनीच लावणीची मजुरी वाचल्याचं सांगितलं. खरं तर शेतकऱ्यांचं बोलणं उताऱ्यापेक्षा त्यावरच जास्त होतं.

भरपाईची रक्कम जेमतेम दीड लाख निघाली. विभागाने वही मान्य केली नाही; विहित नमुना आणि सक्षम अधिकाऱ्याची सही हवी. पत्रव्यवहार फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालला आणि मग मान्य झाली, त्याच वहीवर. तोवर थांबलं असतं तर कातकरी कुटुंबं भट्टीवर गेलेली असती. ग्रामसंघाने डिसेंबरमध्येच स्वतःच्या समुदाय गुंतवणूक निधीतून निम्मी रक्कम देऊन टाकली. आम्हाला हे जानेवारीत कळलं. परवानगी मागितली असती तर मी बहुधा ‘थोडं थांबा’ म्हटलं असतं.

रस्त्याकडच्या प्रभागात पैसे न पोचल्याने नेहमीचं अनुदान तेवढं राहिलं. ज्यांच्या घरात गोदामाचा पगार येत होता अशा मोजक्या कुटुंबांनी ते घेतलं. वनहक्क पट्ट्याचं एकही नाही. विभागाच्या वार्षिक अहवालात दोन्ही प्रभाग एकाच ओळीत, ‘प्रात्यक्षिके पूर्ण’ म्हणून आले.

वेगळं काय करता आलं असतं

पैशाचा स्रोत शोधण्यात आम्ही नऊ महिने घालवले. महिन्यांचा तक्ता पहिल्या आठवड्यात आखला असता तर सहापैकी चार वाटा तेव्हाच गळाल्या असत्या, आणि २०२३ चा खरीप नाही तरी २०२४ ची तयारी डिसेंबरमध्ये पुरी झाली असती. निवडणुका येणार हे काही गुपित नव्हतं.

तंत्राबद्दलची शंका पहिल्याच बिलाआधी लेखी द्यायला हवी होती. वजनाची वही हाच पुरावा, असं मान्यतेच्या आदेशातच लिहून घ्यायला हवं होतं. तेव्हा कोणी हरकत घेतली नसती, नंतर सगळ्यांनी घेतली. पीक कर्जाच्या दरात टोकणणीच्या भाताची वेगळी नोंद व्हावी म्हणून तांत्रिक समितीकडे आम्ही पत्र दिलं, पण पाठपुरावा केला नाही. तो केला असता तर बँकेची वाट निदान एक नाव असलेल्या सातबाऱ्यांना उघडली असती. जोखमीच्या लेखाशीर्षाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द एकदा चालतो. त्याच गावात तिसऱ्या वर्षीही प्रात्यक्षिक म्हटलं की लेखापरीक्षणात अडकतं.

आणि तारखांचं म्हणाल तर आमचाही अंदाज कोलमडला. दुसऱ्या टप्प्याच्या सूचनांत मी मोठ्या खात्रीने ‘उचल वाटप २० मेपर्यंत’ असं घातलं होतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला, नोंदींतला सर्वांत लवकरचा, आणि त्याआधीचा आठवडाही भिजलेलाच होता. नवे वाफे करायला ट्रॅक्टर शेतात उतरू शकला नाही. आदल्या वर्षीचे वाफे होते त्यांना नांगरट नव्हती, पण तण पंधरा दिवस आधी उगवलं.

डोंगरालगतच्या ग्रामसंघाने मात्र त्या वर्षी उचल मार्चअखेरीसच देऊन टाकली होती, परत आलेल्या पैशांतून, आम्हाला न विचारता. नोंदवही मी जुलैत पाहिली. छापील रकान्यात ‘प्रात्यक्षिक अग्रिम’ असं होतं. ते खोडून ताईंनी वर निळ्या पेनाने ‘भाताचा बयाणा’ लिहिलं होतं. मला तो शब्द खटकला, भट्टीमुळे. मी तसं म्हटलंही. ताई म्हणाल्या, ‘मॅडम, बायकांना दुसरा शब्द सांगितला की त्या विचारतात, परत कधी द्यायचं. हा सांगितला की विचारत नाहीत.’ लेखापरीक्षकाने त्या शब्दाभोवती लाल गोल केला आहे आणि समासात खुलासा मागितला आहे. त्या खुलाशाचा मसुदा या वेळी मी दोनदा वाचून पाठवणार आहे.